नौकाविहार आणि सुरक्षितता : एका भूलतज्ज्ञाच्या नजरेतून

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोप या विषयांवर दरवर्षी उत्तम लेख येतात. यंदा संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा मी जरा आडवळणाचा विषय सुचवला व त्यांनी तो मान्य केला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. विषय आहे नौकाविहाराचा. वैद्यकीय स्मरणिकेत होड्या कशाला, असे कोणास वाटेल. परंतु बडोद्याच्या माणसाला तसे वाटू नये, याला दुर्दैवाने सबळ कारण आहे.

दांडिया बाजार, रावपुरा या भागांत हयात घालवलेल्या ज्येष्ठांना १९९३ चा ऑगस्ट आठवत असेल. सुरसागरात, म्हणजे शहराच्या मध्यभागी, चारी बाजूंनी रस्ता व माणसांची वर्दळ असलेल्या तलावात, सहलीची बोट उलटून २२ जणांचे प्राण गेले. त्यानंतर तीस वर्षांनी, १८ जानेवारी २०२४ रोजी, हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. गुजरात उच्च न्यायालयाने या घटनेची आपणहून दखल घेतली. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न न्यायसंस्थेचा आहे व मी त्यात शिरणार नाही. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते, या दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून सर्वांसमोर होत्या.

मला अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा आहे. दोन्ही ठिकाणी समुद्र नव्हता, भरती-ओहोटी नव्हती, नदीचा ओढ नव्हता. काठ डोळ्यांसमोर होता. मदतीला धावून येणारी माणसेही होती. तरी इतके जीव का जावेत? या प्रश्नाचे उत्तर थोडे नौकेच्या रचनेत आहे आणि बरेचसे शरीरशास्त्रात आहे. बुडण्याची क्रिया इतक्या लवकर पूर्ण होते की, बाहेरची मदत बहुधा तिच्यानंतर पोहोचते. म्हणून जॅकेट बोटीत असून चालत नाही, ते बोट सुटण्यापूर्वी अंगावर, बंद लावलेले असावे लागते. माझे एवढेच म्हणणे आहे. ते का, हे सांगण्यासाठी पुढचा विस्तार.

आधी हे पाहू की, हा विषय आताच का महत्त्वाचा झाला. आपल्या लहानपणी सहल म्हणजे पावागड, चांपानेर, आजव्याची बाग. फार तर चांदोदला नर्मदास्नान व संगमावर नावेतून एक फेरी. ती नाव वल्हवणारा नावाडी पिढीजात असे व नर्मदेचा स्वभाव जाणून असे. आता चित्र पालटले आहे. केवडियाला २०१८ मध्ये सरदारांच्या पुतळ्याचे अनावरण झाल्यापासून तिथे पर्यटकांची रीघ असते व नर्मदेवर नौकासफरही होते. तलाव सुशोभित झाला की दुसऱ्या वर्षी तिथे पायडल बोटी येतात, तिसऱ्या वर्षी मोटरबोटी. गोवा, तारकर्ली, दीव, केरळचे बॅकवॉटर या ठिकाणी जाऊन पाण्यावर न उतरता परत आलेले कुटुंब आता विरळाच. निसर्गात जाण्याची ही ओढ चांगलीच आहे. आम्ही डॉक्टर मंडळी रुग्णांना घराबाहेर पडा म्हणून सांगत असतो, ते काही केवळ बागेतल्या बाकावर बसण्यासाठी नव्हे.

या बदलाची सर्वांत तपशीलवार मोजदाद अमेरिकेत होते, म्हणून तिकडचे आकडे घेतो. तिथल्या आउटडोअर फाउंडेशनच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये सुमारे १७ कोटी ५८ लाख लोकांनी, म्हणजे सहा वर्षांवरील लोकसंख्येच्या ५७ टक्क्यांनी, वर्षातून एकदा तरी कोणत्या ना कोणत्या मैदानी किंवा निसर्गातील छंदात भाग घेतला. हा तोवरचा उच्चांक होता. परंतु त्याच पाहणीत दुसरीही गोष्ट दिसते : प्रत्येक माणूस वर्षातून किती वेळा बाहेर पडतो, याची सरासरी घसरत आहे. म्हणजे नित्य जाणारे घटले आणि क्वचित जाणारे वाढले. डोंगर असो वा पाणी, तिथे आज जी गर्दी आहे तिच्यात नवख्यांचे प्रमाण मोठे आहे. आपल्याकडे अशी वार्षिक पाहणी होत नसली, तरी कोणत्याही रविवारी कोणत्याही तलावावर उभे राहिल्यास हेच दिसेल.

याचा परिणाम काय झाला? अमेरिकेचे तटरक्षक दल हौशी नौकाविहारातील अपघातांचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करते. करोनामुळे २०२० मध्ये लोक चित्रपटगृहे व विमाने सोडून पाण्याकडे वळले. त्या वर्षी मृत्यू ६१३ वरून एकदम ७६७ वर गेले. पुढे ते उतरत २०२३ मध्ये ५६४ झाले. दर एक लाख नोंदणीकृत नौकांमागे हे प्रमाण ४.९ पडते, १९७१ मध्ये ते वीसच्या वर होते. अर्थात छेदाकडे आपण डॉक्टरांनी नेहमी संशयाने पाहावे. वल्ह्याने चालवायच्या छोट्या कयाक बऱ्याच राज्यांत नोंदवाव्या लागत नाहीत. तिच्यातला मृत्यू अंशात मोजला जातो, ती नौका मात्र छेदात नसते. तरीही पन्नास वर्षांतली घट खरी आहे आणि ती आपोआप झालेली नाही. त्याच २०२३ च्या अहवालातील दोन आकडे मला सर्वांत बोलके वाटतात. मृत्यूचे कारण ज्ञात होते त्यांपैकी ७५ टक्के बुडून मेले, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगावर जॅकेट नव्हते. शिवाय सुमारे तीन-चतुर्थांश मृत्यू अशा नौकांवर झाले, ज्यांच्या चालकाने सुरक्षिततेचे कोणतेही शिक्षण घेतलेले नव्हते. कारणांत मद्याचा क्रमांक वरचा आहे. गुजरातेत हा मुद्दा लिहिण्याची गरज नाही असे कोणी म्हणेल; पण आपली मंडळी दीव-दमणला दर वेळी केवळ किल्ला पाहण्यास जातात, असे मानण्याइतका मी भोळा नाही.

भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. यांतील बहुतेक विहिरी, कालवे, नद्या व तळी यांत पडून किंवा पोहताना मेलेली असतात. बोट उलटून होणारे मृत्यू त्या मानाने थोडे. मग नौकेचाच आग्रह का? कारण हा मृत्यू टाळणे सर्वांत सोपे आहे. विहिरीत पडणारे मूल केव्हा पडेल, हे कोणास ठाऊक नसते. बोटीत बसणारा माणूस तिकीट काढून, रांगेत उभा राहून, ठरावीक वेळी पाण्यावर जातो. त्याला दोन मिनिटे थांबवून जॅकेट घालणे शक्य असते.

आता बोट उलटते कशी, ते पाहू. पाणी शांत असले म्हणजे बोट स्थिर असते, हा मोठा गैरसमज आहे. बोट किंचित कलली की, कललेल्या बाजूचा पाण्यात बुडालेला भाग वाढतो व पाणी तिला तिथून वर ढकलून पुन्हा सरळ करते. हे सरळ होणे दोन गोष्टींवर अवलंबून असते : वजन किती खाली आहे, आणि बोटीचा काठ पाण्याच्या वर किती उरला आहे. माणसे जास्त बसली की बोट खोल जाते, काठ पाण्याच्या जवळ येतो. माणसे उभी राहिली किंवा वरच्या मजल्यावर गेली की वजन वर सरकते. मग एखादी वळणाची लाट, किंवा एकाच वेळी दहा-पंधरा जणांचे एका बाजूस सरकणे पुरते. साठ किलोची वीस माणसे म्हणजे बाराशे किलो. एवढे ओझे एका क्षणात हातभर बाजूला गेले, तर बोटीने काय करावे? सप्टेंबर २००९ मध्ये केरळातील थेक्कडीच्या तलावात ‘जलकन्यका’ ही दुमजली पर्यटक बोट उलटून ४५ जण गेले. काठावर वन्य प्राणी दिसताच प्रवासी एका बाजूस गोळा झाले होते, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. मे २०२३ मध्ये केरळातच तानूर येथे २२ जण गेले. ती मूळची मासेमारीची नाव, तिला मजला चढवून पर्यटनासाठी वापरात आणले होते, आणि माणसे क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक होती.

यात आणखी एक भर पडते ती बोटीत शिरलेल्या पाण्याची. परातीत पाणी घेऊन चालण्याचा अनुभव घरोघरी असतो. परात जराशी कलली की सगळे पाणी त्याच बाजूस धावते आणि परात आणखी कलते. बोटीच्या तळाशी चार बोटे पाणी असले तरी हेच घडते. म्हणून तळाला पाणी साचलेली बोट दिसली, तर तिकिटाचे पैसे गेले असे समजून उतरावे. लहान मुलांच्या बाबतीत ‘दोन मुले म्हणजे एक मोठा माणूस’ असा हिशेब सर्रास होतो. वजनापुरता तो खपून जाईल. पण मुले जागेवर बसत नाहीत, पाण्यात हात घालायला सगळी एकाच काठावर येतात, आणि बोट उलटल्यावर मोजायची असतात ती डोकी, किलो नव्हेत.

कायदा आपल्याकडे आहे. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा केला. नौकेची नोंदणी, तपासणी व तिच्यावरील सुरक्षा-साहित्य यांचा विचार त्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्येच नौका-सुरक्षेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. तेव्हा नियमांची उणीव होती, असे म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली व १५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर लगेच गेटवेच्या बोटींत प्रवाशांना जॅकेट घालण्याची सक्ती झाली. जॅकेट आधीही बोटीत ठेवायचेच होते. फरक पडला तो अंगावर घालण्याच्या सक्तीने.

हा फरक किती मोठा असतो, याचा पुरावा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातून मिळतो. तिथे डिसेंबर २००५ पासून लहान नौकांत जॅकेट प्रत्यक्ष घालणे सक्तीचे झाले. त्यापूर्वी जॅकेट घालणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्के होते, ते ६३ टक्क्यांवर गेले. कायद्याआधीच्या सुमारे सहा वर्षांत नौकाविहार करताना ५९ जण बुडाले होते. नंतरच्या पाच वर्षांत १६. औषधाच्या चाचणीत असा निकाल लागला असता, तर ते औषध आपण सर्वांनी दुसऱ्या दिवसापासून लिहून दिले असते.

‘मला पोहता येते’ हे जॅकेट नाकारण्याचे पहिले कारण. तरण तलावात कपडे बदलून, श्वास भरून उडी मारणे निराळे आणि गप्पा मारता मारता अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावर आठ-दहा माणसे कोसळत असताना पाण्यात जाणे निराळे. पाय साडीत किंवा ओढणीत अडकतात, कोणीतरी गळ्याला मिठी मारते, काठ कोणत्या दिशेला हेच कळत नाही. दुसरे कारण ‘पाणी फार खोल नाही’. काही वर्षांपूर्वी एका तलावावर जॅकेट ताडपत्रीखाली गाठ मारून ठेवलेली मी पाहिली. मागितली, तेव्हा नावाडी हसून म्हणाला, “केड सुधीच पाणी छे, साहेब.” कमरेएवढे खरे, पण कोणाच्या? सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण पावणेचार फूट. त्या नावाड्याच्या छातीएवढ्या पाण्यात ते मूल पूर्ण बुडते. तळाशी चिखल असला, तर पाऊल रोवून उभे राहणे मोठ्यांनाही साधत नाही. तिसरे कारण छायाचित्रांचे. जॅकेट घातलेले फोटो चांगले येत नाहीत म्हणून ऐन मधल्या पाण्यात ते उतरवून ठेवणारी सुशिक्षित मंडळी मी पाहिली आहेत. यावर काय बोलावे!

जॅकेटचे काम वाटते तितके अवघड नाही. फुप्फुसे हवेने भरलेली असताना मानवी शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतेच. प्रश्न असतो तो डोके पाण्याबाहेर राहण्याचा. त्यासाठी प्रौढास साधारण तीन ते साडेपाच किलोंचा वरचा जोर पुरतो. साध्या फोमच्या जॅकेटमध्ये तेवढा असतो, मात्र जॅकेट अंगाला घट्ट बसलेले हवे. नुसते खांद्यावर अडकवलेले, बंद न लावलेले जॅकेट पाण्यात वर सरकते व माणूस त्यातून खाली निसटतो. तपासण्याची युक्ती सोपी आहे. जॅकेट घातल्यावर दुसऱ्याने खांद्याशी धरून ते वर ओढावे. ते हनुवटीच्या वर आले तर पट्टे आवळावेत किंवा लहान माप मागावे. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. आतल्या कप्प्यावर किती किलो वजनासाठी ते आहे, याची चिठ्ठी असते, ती वाचावी. फोम चुरगळून कडक झालेला, शिवण उसवलेली, बक्कल मोडलेले जॅकेट म्हणजे शोभेची वस्तू.

एक अपवाद सांगणे भाग आहे. छप्पर असलेल्या, बंद खिडक्यांच्या बोटीच्या खालच्या मजल्यावर जॅकेट घातलेला माणूस बोट उलटल्यावर वर ढकलला जाऊन आतच अडकू शकतो. ‘जॅकेट नको’ असा याचा अर्थ नव्हे. अशा बोटीत आत बसू नये, असा आहे. उघड्या भागात किंवा दरवाजाजवळ बसावे, आणि तशी जागा नसेल तर पुढच्या बोटीची वाट पाहावी.

आता माझ्या व्यवसायाच्या प्रांतात येतो. भूलतज्ज्ञाचे आयुष्य श्वासमार्ग सांभाळण्यात जाते, म्हणून बुडण्याचा विचार मी श्वासाच्या अंगाने करतो. चित्रपटात बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. प्रत्यक्षात तसे क्वचित होते. न्यूयॉर्कच्या समुद्रकिनाऱ्यावरील जीवरक्षक फ्रान्चेस्को पिया यांनी चित्रीकरणाच्या आधारे दाखवले की, बुडणाऱ्याचे तोंड पाण्यावर येते तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो. ओरडायला हवा शिल्लकच नसते. हात बाजूला पसरून पाणी दाबण्याची धडपड होते, दुरून ती खेळण्यासारखी दिसते. ही झुंज २० ते ६० सेकंद चालते. लहान मुलांत आणखी कमी. बोट उलटल्याचे काठावरच्या माणसाला उमगून तो चपला काढेपर्यंत कित्येकांच्या बाबतीत ती संपलेली असते.

त्यानंतर माणूस श्वास रोखून धरतो. तो रोखणे अशक्य झाले की पाणी आत ओढले जाते. कंठ आवळला जातो, पण तोही ऑक्सिजनअभावी थोड्या वेळात सैल पडतो. फुप्फुसात शिरलेले पाणी फार नसते, परंतु ते वायुकोश उघडे ठेवणारे अस्तर धुऊन टाकते. गोडे पाणी की खारे, यावर पूर्वी परीक्षेत प्रश्न येत. उपचारांच्या दृष्टीने तो फरक गौण ठरला आहे. रक्तातील ऑक्सिजन घसरतो, शुद्ध हरपते, श्वास थांबतो. हृदय मात्र काही काळ चालू असते. मग मंदावते आणि थांबते. म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यात जे आधी घडते, ते इथे शेवटी घडते. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण प्रथमोपचार त्यावरच आधारलेला आहे.

भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी गेल्या काही वर्षांत देशभर सामान्य नागरिकांना केवळ छाती दाबून जीव वाचवण्याची पद्धत शिकवली. मीही शाळांत, सोसायट्यांत ती शिकवत आलो आहे. रस्त्यात अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी ती उत्तम आहे, कारण त्याच्या रक्तात ऑक्सिजन अजून शिल्लक असतो, फक्त तो फिरवायचा असतो. बुडालेल्याच्या रक्तात ऑक्सिजनच उरलेला नसतो. ते रक्त कितीही फिरवले तरी काय उपयोग? म्हणून बुडालेल्याला आधी श्वास द्यायचा. युरोपीय पद्धतीत सुरुवातीस पाच, अमेरिकन पद्धतीत दोन. मग छातीवर ३० दाब व २ श्वास या क्रमाने पुढे. अमेरिकन हृदयरोग संघटनेने बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेसह २०२४ मध्ये काढलेल्या सुधारित सूचनांत याच गोष्टीवर भर दिला आहे. ज्यास श्वास देणे जमत नाही किंवा धीर होत नाही, त्याने निदान छाती दाबावी. पण डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, जीवरक्षक यांना श्वास देता आलाच पाहिजे.

ब्राझीलच्या श्पिलमन यांनी किनाऱ्यावरच्या १८३१ रुग्णांच्या नोंदींवरून १९९७ मध्ये सहा पायऱ्यांची वर्गवारी मांडली. पाचव्या पायरीवर श्वास थांबलेला पण नाडी चालू. तिथे मृत्यूचे प्रमाण ४४ टक्के. सहाव्या पायरीवर नाडीही थांबलेली. तिथे ९३ टक्के. या दोन पायऱ्यांमध्ये काही मिनिटांचेच अंतर असते, आणि त्या अवधीत काठावरच्या कोणा एकाने दिलेले श्वास रुग्णाला पाचवीवरून सहावीवर जाऊ देत नाहीत. पाण्याखाली किती वेळ गेला, यावर पुढचे सारे ठरते. पाच मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांत मृत्यू किंवा मेंदूची गंभीर हानी सुमारे १० टक्क्यांत होते; सहा ते दहा मिनिटांत हेच प्रमाण ५६ टक्क्यांवर जाते.

पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, पालथे घालून पाठीवर बसणे, हे सर्व अजूनही आपल्या डोळ्यांदेखत चालते. पोटातले पाणी पोटात राहिल्याने कोणी मरत नाही. दाबल्यास तेच उलटून फुप्फुसात जाते आणि दरम्यान श्वासाविना बहुमोल मिनिटे निघून जातात. श्वास देताना उलटी होण्याची शक्यता बरीच असते. तसे झाल्यास मान व अंग एका कुशीला वळवून तोंड बोटाने पुसावे व पुन्हा श्वास सुरू करावेत. तोंडातून पांढरा फेस येत राहतो; तो पुसत बसू नये, त्यावरूनच श्वास द्यावा. उंचावरून उडी मारल्याचा किंवा मार लागल्याचा इतिहास नसेल, तर मानेला पट्टा शोधण्यात वेळ घालवण्याची गरज नाही.

व्यवसायबंधूंसाठी थोडेसे. ‘कोरडे बुडणे’, ‘दुय्यम बुडणे’, ‘जवळजवळ बुडणे’ या संज्ञा २००२ च्या ॲम्स्टरडॅम परिषदेनंतर शास्त्राने मोडीत काढल्या आहेत, तरी फोनवरच्या संदेशांतून त्या दर उन्हाळ्यात पालकांना घाबरवत फिरतात. पाण्यात गटांगळी खाऊन हसत-खेळत घरी गेलेले मूल दोन दिवसांनी अचानक दगावते, हे खरे नव्हे. पण पाण्यातून काढल्यावर ज्याला खोकला सुटतच नाही, धाप लागते, ग्लानी येते, त्यास दवाखान्यात आणावे. छाती स्वच्छ, शुद्ध पूर्ण, ऑक्सिजनची पातळी विनाआधार उत्तम असेल, तर सहा-आठ तास निरीक्षणाखाली ठेवून घरी सोडता येते. केवळ पहिला एक्स-रे चांगला आहे म्हणून लगेच सोडू नये. प्रतिजैविके व स्टेरॉइड सरसकट देण्यास आधार नाही. ऑक्सिजन, आणि गरज भासल्यास दाबाखाली श्वसनाचा आधार, हेच खरे औषध.

गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमले. आपल्या तलावांवर तसे होईल तेव्हा होवो. तोवर निदान आपल्या मंडळाच्या सहलीपुरती व्यवस्था आपल्या हाती आहे. यंदाच्या सहलीत नौकाविहार ठेवला आहे. नोंदणीच्या पत्रकात मुलांच्या वयाशेजारी त्यांचे वजन लिहिण्यासाठी एक रकाना ठेवण्याची विनंती मी कार्यवाहांना केली आहे, म्हणजे त्या मापाची जॅकेट तिथे आहेत का, हे आधी फोन करून विचारता येईल. नसल्यास मुलांसाठी वाळूत किल्ले करण्याचा कार्यक्रम ठेवू. साहित्य मी आणीन.